ऑटोबानवरून म्युनिक ते बर्लिन

जर्मनीचे नाव काढले की आपल्याकडच्या मोटारशौकिनांना आठवतो तो ऑटोबान, आणि ऑटोबान म्हटला की वेग. ही ख्याती खोटी नाही. खासगी मोटारींना तेथे सरसकट वेगमर्यादा नाही; ताशी १३० किलोमीटरांची १९७८ पासून केवळ शिफारस आहे. पाट्या लावून मर्यादा घातलेले टप्पे मात्र पुष्कळ. उजवी कड धरून चालावे, डावीकडूनच पुढे जावे आणि विनाकारण थांबू नये, ही तेथली शिस्त. पेट्रोल संपून गाडी उभी राहिली तरी दंड होऊ शकतो. निघण्यापूर्वी टाकी पाहणे हे चालकाचे काम!

माझा भाचा म्युनिकला नोकरीस आहे. त्याच्या मोटारीने ‘ए नऊ’ या रस्त्याने बर्लिनला जायचे ठरले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, ऑटोबानवर पाहायचे काय? सकाळी निघू, दुपारी पोचू.” या रस्त्याची लांबी सव्वापाचशे किलोमीटरांच्या आसपास, तेव्हा त्याचा हिशेब बरोबर होता. तरी मी दोन दिवस मागून घेतले.

म्युनिक सोडताना दुभाजकात एक अस्वल उभे दिसते. अस्वल हे बर्लिनचे चिन्ह. रेने सिंटेनिस या शिल्पकर्तीचे हे अस्वल, देश दुभंगलेला असताना वाटसरूंना बर्लिनची आठवण राहावी म्हणून येथे बसविले गेले. पुढे तासाभरातच हालरटाऊचा मुलूख लागतो. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सच्या लागवडीचा हा जगातील सर्वांत मोठा सलग प्रदेश. उंच खांब, त्यांवर ताणलेल्या तारा आणि सात मीटरांपर्यंत चढलेल्या वेली पाहून मला पानमळ्यांची आठवण झाली. मात्र पानमळ्याची सावली येथे नाही, सारे उघड्यावर.

न्यूरेंबर्ग हा स्वतंत्र लेखाचा विषय; ते टाकून आम्ही बायरॉइटला वळलो. बायरॉइट म्हणजे वाग्नर आणि १८७६ साली त्याच्या संगीतनाट्यांसाठी उघडलेले नाट्यगृह. पण मला अधिक भावले ते गावातले जुने दरबारी नाट्यगृह. फ्रेडरिक द ग्रेटची बहीण विल्हेल्मिना या लहानशा संस्थानाच्या राजाला दिली होती. तिच्या हौसेतून १७४८ साली ते उभे राहिले. आतला सारा डौल रंगविलेल्या लाकडाचा आणि कापडाचा! आम्ही इंदूरकर, राजाश्रयाने गावाला गाण्याचा कान कसा येतो, हे आम्हांला कोणी सांगावे लागत नाही. राजा गेला, दरबार गेला, तरी कान राहतो. बायरॉइटमध्ये म्हणूनच मला परके वाटले नाही.

होफच्या पुढे, रूडोल्फश्टाइनजवळ, रस्ता साले नदी ओलांडतो. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने येथला कमानींचा पूल उडवून दिला. पुढे या ठिकाणी नदीच दोन राज्यांची सीमा झाली आणि पूल वीस वर्षे तुटलेलाच राहिला. १९६४ मध्ये दोन्ही जर्मनींत करार झाला, खर्च पश्चिमेने सोसला आणि डिसेंबर १९६६ मध्ये पुलावरून पुन्हा गाड्या धावू लागल्या.

पण पूल सांधला म्हणून देश सांधला नाही. पश्चिम जर्मनीतून पश्चिम बर्लिनला जाणाऱ्याने पूर्वेच्या हद्दीत ताशी शंभरावर जायचे नाही आणि नेमून दिलेला रस्ता सोडायचा नाही, असा दंडक होता. फाट्यांवरची गावांची नावे वाचायची; वळायचे मात्र नाही. एखाद्याची मावशी दोन कोसांवर राहत असली, तरी त्या प्रवासात तिच्या दारी जाण्याची सोय नव्हती. आज तेथे जुन्या सीमेची खूण सांगणारी एक तपकिरी पाटी आहे. गाडी दोन-चार सेकंदांत तिच्यापुढे निघून जाते. भाचा या वाटेने कितीदा तरी गेलेला. हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला; मग म्हणाला, “मामा, येथे पूल आहे हेच मला कधी जाणवले नव्हते.”

दुसऱ्या दिवशी लाइपझिग मागे टाकून आम्ही डेसाऊच्या फाट्याला वळलो. हीही एका संस्थानाची राजधानी. १९२६ साली ग्रोपियसने बांधलेली बाऊहाउसची इमारत पाहायला जगभरचे वास्तुविशारद येथे येतात. मला ओढ होती ती निराळी. ६ डिसेंबर १८२३ रोजी मॅक्स म्युलर या गावात जन्मला. सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढण्यात १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षे त्याने घातली, पण हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नाही. लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी या वृद्ध पंडिताने रदबदली केली. आपण त्याला ऑक्सफर्डचा म्हणून ओळखतो. मूळचा तो या गावचा.

डेसाऊच्या फाट्यावर मोटार वळली ती सहज, कोणाला न विचारता. या सहजपणासाठी येथल्या लोकांना १९८९ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा जर्मनीस जाणाऱ्या आपल्या मंडळींना एवढेच सांगणे आहे की, वेगाची हौस जरूर भागवावी, पण गाठीशी एक दिवस जास्त ठेवावा, तपकिरी पाट्या वाचीत जावे आणि मनात आले की खुशाल वळावे. बर्लिन कोठे जात नाही.