मजकूर कोठून सुरू होतो

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा मोडी कागद ज्याने एकदा तरी वाचावयास घेतला आहे, त्याला हे ठाऊक असते की, लेखणी न उचलता आणि शब्दाशब्दांत जागा न सोडता लिहिलेल्या त्या ओळींत नवशिक्याची खरी अडचण अक्षरे ओळखण्यापेक्षाही आरंभ ओळखण्याची असते. माथ्यावर ‘श्री’ असते, कोठे एखादा शेरा असतो, मग मायना येतो आणि खरा मजकूर त्यापुढे कोठेतरी सुरू होतो; एकाच यादीत चार कलमे असली तर प्रत्येक कलमाचा आरंभ स्वतंत्रपणे हुडकावा लागतो; आणि एक अक्षर अलीकडे किंवा पलीकडे धरून शब्द तोडला की पुढची ओळच्या ओळ अर्थाला मुकते. जीवाणूच्या सूक्ष्म देहात संदेशवाहक आरएनएवरून प्रथिने घडू लागतात तेव्हा तेथेही नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो, आणि या क्रियेविषयी शिकल्यासवरल्या मंडळींतही जे गैरसमज रूढ आहेत, ते बहुतेक याच एका पायरीवर घसरतात.

हा विषय पुणेकराला परका वाटावा असे मुळीच नाही. पिंपरीस १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि पुढे काही वर्षांतच स्ट्रेप्टोमायसीनही. त्यांतील हे दुसरे औषध जीवाणूच्या ज्या भागावर जाऊन बसते तो भाग म्हणजेच प्रथिने रचणारा रायबोसोम होय. अलीकडे हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीच्या लशीला २०२२ साली आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तेव्हा ‘एमआरएनए’ ही अक्षरे घरोघरी पोहोचली, आणि त्यांच्याबरोबर अशीही एक समजूत पोहोचली की, हा पदार्थ प्रयोगशाळेतच जन्माला आलेला असावा. वास्तविक ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी तो १९६१ साली दाखवून दिला तो आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत, आणि आपल्या विरजणातील जीवाणूंपासून आपल्या स्वतःच्या पेशींपर्यंत तो क्षणोक्षणी तयार होत असतो. दफ्तराच्याच भाषेत बोलावयाचे तर डीएनए ही अस्सल प्रत, संदेशवाहक आरएनए ही तिच्यावरून उतरलेली नक्कल, आणि रायबोसोम हा त्या नकलेचा प्रथिनांच्या भाषेत तर्जुमा करणारा कारकून.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा की, रायबोसोम ही नक्कल तिच्या एका टोकाला धरतो आणि तेथून वाचीत सुटतो. मनुष्याच्या पेशीपुरते पाहिले तर या समजुतीत तथ्यांश आहे; तेथे संदेशाच्या अग्राला रासायनिक टोपी असते, रायबोसोमचा लहान खंड बहुधा त्या टोपीपाशी उतरतो आणि सरकत सरकत पहिल्या योग्य आरंभखुणेपर्यंत येतो. जीवाणूच्या संदेशाला मात्र अशी टोपी नसते. तेथे लहान खंड संदेशाच्या अंगावर मध्येच, जेथे आरंभ आहे तेथेच, थेट येऊन बसतो, आणि ती जागा त्याला कशी सापडते याचे उत्तर कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातील जॉन शाइन आणि लिन डाल्गार्नो यांनी १९७४ साली दिले. ई. कोलायच्या रायबोसोमच्या लहान खंडात १५४२ अक्षरांचा एक आरएनए असतो. त्याच्या शेपटाकडे ‘सीसीयूसीसीयू’ असा एक तुकडा आहे. आणि अनेक संदेशांत आरंभखुणेच्या साधारणतः पाच ते नऊ अक्षरे अलीकडे ‘एजीजीएजीजी’ किंवा त्याच्याशी मिळताजुळता तुकडा आढळतो. आरएनएमध्ये ‘जी’ समोर ‘सी’ आणि ‘ए’ समोर ‘यू’ बसत असल्याने, उलटसुलट दिशांनी जवळ येताच हे दोन तुकडे अंगरख्याच्या बंदांसारखे एकमेकांत अडकतात. पुढच्याच वर्षी जोन स्टाइट्झ आणि कॅरन जेक्स यांनी ही जोडणी प्रत्यक्षात होते याचा पुरावा दिला. एकदा बंद जुळला म्हणजे त्यापुढील काही अक्षरांवर असलेली ‘एयूजी’ ही त्रयी आपोआप नेमक्या खोबणीत येते. तीन तीन अक्षरांचे शब्द कोठून तोडावयाचे हे येथेच ठरते, आणि ते येथेच चुकले तर पुढे दुरुस्तीला जागा राहत नाही.

यावरून दुसरीही एक गोष्ट उलगडते. ‘एक संदेश, एक प्रथिन’ हे सूत्र विद्यार्थी पाठ करून येतात, पण जीवाणूच्या पुष्कळ संदेशांत एकामागून एक अनेक प्रथिनांचा मजकूर असतो. दुधातील शर्करा पचविण्याची सामग्री ई. कोलाय ज्या संदेशावरून तयार करतो त्यात तीन प्रथिने एकापुढे एक लिहिलेली असतात, आणि प्रत्येकाच्या अलीकडे रायबोसोमला बसावयाची जागा निराळी असते. टोकापासून वाचण्याची रीत असती तर दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमापर्यंत पोहोचणे दुर्घट झाले असते. याच कारणाने मनुष्याचे जनुक जसेच्या तसे उचलून जीवाणूत टाकले की प्रथिन मिळते ही समजूतही टिकत नाही. जीवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्यात १९७८ साली जे यश आले त्यात जीवाणूला ओळखता येईल असा आरंभ त्या मजकुराच्या अलीकडे जोडून देणे हा कामाचा अत्यावश्यक भाग होता.

‘एयूजी’ हीच एकमेव आरंभखूण होय, असेही सर्रास सांगितले जाते. ई. कोलायच्या जनुकांत सुमारे ८३ टक्के ठिकाणी ती असते हे खरे, परंतु सुमारे १४ टक्के ठिकाणी ‘जीयूजी’ आणि सुमारे ३ टक्के ठिकाणी ‘यूयूजी’ हेच काम करतात. वर सांगितलेल्या शर्करेच्या जनुकांना लगाम घालणारे प्रथिन ‘जीयूजी’पासूनच सुरू होते. मौज अशी की, मजकुराच्या मध्ये आलेल्या ‘जीयूजी’चा अर्थ व्हॅलिन हे अमिनो आम्ल असा होतो, आणि आरंभी आलेल्या त्याच तीन अक्षरांचा अर्थ मेथिओनिन असा. अर्थ अक्षरांवर जितका अवलंबून, तितकाच ती कोठे उभी आहेत यावरही. शिवाय हे पहिले मेथिओनिन साधे नसते. त्याच्या डोक्यावर फॉर्मिल गटाचा एक लहानसा तुरा असतो, हे मार्कर आणि सँगर यांनी १९६४ साली दाखविले. प्रथिन बाहेर पडू लागताच तो तुरा आणि पुष्कळदा त्याच्या मागोमाग ते मेथिओनिनही कापून टाकले जाते, त्यामुळे तयार प्रथिन तपासणाऱ्याला आरंभाचा मागमूस लागत नाही. तरीही असे काही तुरेदार तुकडे जीवाणूंच्या वस्तीतून बाहेर झिरपतात, आणि आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्याच मागाने जखमेपर्यंत येऊन पोहोचतात; गळवात जमणारा पू हा बव्हंशी त्या पेशींचाच असतो.

आणखी एक कल्पना सुव्यवस्थेच्या प्रेमातून आलेली दिसते: प्रथम नक्कल पुरी व्हावी, ती तपासली जावी, मग तर्जुम्याला जावी. जीवाणूला एवढी सवड नसते. त्याच्या संदेशांचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचेच. त्याच्या पेशीत डीएनएला वेगळी खोली नसल्याने नकलेची पहिली अक्षरे बाहेर येतात न येतात तोच रायबोसोम त्यांवर चढतो, आणि पहिला थोडा पुढे सरकला की त्याच्या मागे दुसरा. ऑस्कर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत हे दृश्य साक्षात दिसते: डीएनएचा एक आडवा धागा, त्याच्यापासून फुटलेल्या आणि क्रमाने लांब होत जाणाऱ्या नकला, आणि प्रत्येक नकलेवर दाण्यांसारखे दाटीने बसलेले रायबोसोम. ते चित्र पाहिल्यावर ‘आधी हे, मग ते’ ही पाठ्यपुस्तकातील बाणांची आकृती मनातून कायमची पुसली जाते, निदान माझ्या मनातून तरी पुसली गेली.

एवढी घाई असूनही आरंभाच्या क्षणी मात्र खातरजमा होते. तीन साहाय्यक प्रथिने तेथे हजर असतात. एक तुरेदार मेथिओनिन आणणाऱ्या वाहक आरएनएला जागेवर आणते, एक शेजारची खोबण अडवून धरते, आणि तिसरे रायबोसोमच्या मोठ्या खंडाला तोवर दूर ठेवते, जोवर वाहक आणि आरंभखूण यांचे बरोबर जुळलेले नाही. जुळले की ती बाजूला होतात, मोठा खंड येऊन बसतो आणि मगच कागदावर शिक्का उठतो. त्यापुढे सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्ले जोडीत जाणाऱ्या या यंत्राचा वेळ जो जातो, तो पुष्कळदा या सुरुवातीतच. म्हणून कोणते प्रथिन किती व्हावयाचे याचा निवाडाही बराचसा येथेच होतो. आरंभाची जागा आरएनएच्याच घडीत मिटलेली असेल तर अक्षरे कितीही अनुरूप असोत, रायबोसोमला ती दिसत नाहीत. लिस्टेरिया नावाच्या रोगजंतूत अशी एक घडी थंडीत मिटलेली असते आणि ३७ अंशांना, म्हणजे आपल्या देहाच्या उष्णतेला, उकलते. आणि त्यातून जे प्रथिन तयार होते ते त्याची रोगकारक शस्त्रे बाहेर काढते.

आता ज्या गैरसमजाबद्दल मला सर्वांत कळकळीने लिहावयाचे आहे तो असा की, ई. कोलायविषयी जे खरे ते सर्व जीवाणूंविषयी खरे. शाइन आणि डाल्गार्नो यांचा तुकडा नसेल तर आरंभच होत नाही, असे मीही अनेक वर्षे समजत होतो. क्षयाच्या जंतूने हा समज मोडीत काढला. त्याच्या संदेशांपैकी सुमारे चतुर्थांश संदेशांना प्रस्तावनाच नसते. पहिल्या अक्षरापासून थेट आरंभखूणच येते, मायना नाही, ‘श्री’ नाही, एकदम मजकूर. अशा संदेशावर दोन्ही खंड जोडलेला सबंध रायबोसोमही बसू शकतो. येथे दफ्तराची उपमा अपुरी पडते आणि ती सोडून दिलेली बरी. अशा संदेशांच्या वेगळेपणाचा प्रत्यय देणारे एक औषध भाताच्या करप्यावर वापरले जाते: जपानात १९६५ साली सापडलेले कासुगामायसीन. जीवाणूंत ते आरंभाच्याच वेळी संदेशाच्या वाटेत जाऊन बसते आणि पहिल्या वाहकाला स्थिर होऊ देत नाही. परंतु प्रस्तावनाहीन संदेशांचे वाचन त्याने तितकेसे अडत नाही.

स्ट्रेप्टोमायसीनची गोष्ट निराळी. माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी मावशी क्षयाने आजारी असता रोज सकाळी कंपाउंडर येई. रबरी बुचाच्या कुपीत पांढरी भुकटी असे, तो सुईने तीत पाणी सोडी आणि दोन तळहातांमध्ये ती कुपी हळूहळू फिरवी, भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत. मावशी बरी झाली, आणि ‘ते औषध जंतूला विष घालून मारते’ एवढेच स्पष्टीकरण आम्हां मुलांना पुरले. ते औषध १९४३ साली वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना सापडले. परंतु जंतूच्या पेशीत ते नेमके काय करते हे कळावयास दोन दशके लागली. ते लहान खंडाच्या आरएनएला चिकटते. थोड्या मात्रेत असता तर्जुम्यात चुकीची अमिनो आम्ले शिरतात, आणि मात्रा वाढली की आरंभच खुंटतो. १९६४ साली डेव्हिस, गिल्बर्ट आणि गोरिनी यांनी या चुका परीक्षानळीत मोजून दाखविल्या. विषाणूजन्य सर्दीपडशावर अशी औषधे मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपलाच वापरतो, आणि आपल्या पेशीद्रवातील रायबोसोमशी या औषधाचे फारसे जुळत नाही.

मात्र यातूनच अखेरचा गैरसमज उद्भवतो: आपले रायबोसोम वेगळे, म्हणून हे औषध आपल्याला सर्वस्वी निरुपद्रवी. आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नावाच्या ज्या ऊर्जेच्या कोठ्या आहेत त्या प्राचीन काळी स्वतंत्र जीवाणू होत्या. त्यांचे रायबोसोम आजही जीवाणूंच्या घराण्यातले आहेत, आणि त्यांच्या प्रथिनांचा आरंभ आजही त्याच तुरेदार मेथिओनिनने होतो. काही कुटुंबांत या कोठ्यांतील रायबोसोमच्या आरएनएत १५५५ क्रमांकाच्या स्थानी ‘ए’च्या जागी ‘जी’ असते. एवढ्या एका अक्षराने त्याची घडण जीवाणूच्या घडणीशी अधिक जुळते, आणि अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसीनच्या वर्गातील औषधाच्या थोड्या मात्रेनेही कायमचे बहिरेपण येऊ शकते. या कोठ्या केवळ आईकडून येतात; म्हणून सुई टोचण्यापूर्वी आजोळच्या माणसांत अशा औषधानंतर कोणाचे कान गेले होते काय, एवढी चौकशी अवश्य करावी.