ट्रेवर छापलेला फोन क्रमांक कोणाचा?

घरी रोपवाटिका असो, खतांचे दुकान असो की उत्पादक कंपनीचे कार्यालय, हल्ली एक विक्रेता हमखास दारात येतो. "इंटरनेटवर चालणारा फोन घ्या. क्रमांक एकच, पण घरातल्या पाचही मोबाईलवर वाजेल," असे सांगतो. तो खोटे बोलत नाही. तरीही सही करण्यापूर्वी थोडे बोलू या, कारण या बाबतीत माझाच एक सल्ला चुकला आहे.

या फोनमध्ये आपला आवाज बारीक तुकड्यांत कापला जातो, ते तुकडे इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. दादा शेतात असले, फोन उचलला नाही, तर तो वहिनींच्या मोबाईलवर वाजतो. कोणाचे फोन चुकले त्याची यादी राहते. रोपांच्या धंद्यात ही यादी फार मोलाची. फोन लागला नाही म्हणून कोणी दिवसभर वाट पाहत नाही; तो दुसऱ्या रोपवाटिकेत मागणी नोंदवून मोकळा होतो.

नारायणगावच्या बाजूला दोघा भावांची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. फोन घ्यावा की नाही, असे त्यांनी विचारले तेव्हा मी "घ्या" म्हणालो. वर्षभर उत्तम चालले. क्रमांक फाटकावरच्या फलकावर रंगवला, पत्रकांवर छापला, रोपांच्या ट्रेवरही उमटवला. पुढे उन्हाळी टोमॅटोच्या मागणीच्या दिवसांतच बिलावरून विक्रेत्याशी बिनसले आणि एका सकाळी फोन मुका झाला. कागद काढून पाहिले तर क्रमांक भावांच्या नावावर नव्हताच, विक्रेत्याच्या फर्मच्या नावावर होता! टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत लावणीला येते. त्यानंतर ट्रेमध्ये राहिले की उंच, लुळे होते आणि गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही. त्या हंगामात त्यांनी कितीतरी ट्रे उकिरड्यावर रिकामे केले. मी तिथे उभा होतो. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, एवढेच.

तेव्हा दर विचारण्याआधी हे विचारा: क्रमांक कोणाच्या नावावर? केवायसीचे कागद तुमचे किंवा तुमच्या संस्थेचे घेतले पाहिजेत. सेवा सोडली तर क्रमांक सोबत नेता येईल का, हे लेखी घ्या. मोबाईलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. या इंटरनेटच्या क्रमांकाला ती असेलच, असे धरून चालू नका. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी: फलकावर आणि ट्रेवर स्वतःच्या नावाच्या सिमचा क्रमांक छापा आणि त्यावर येणारे फोन नव्या सेवेकडे वळवून घ्या. उद्या सेवा बंद पडली तर वळवणे काढून टाकायचे, गिऱ्हाइकाला काही कळणारही नाही. वळवलेल्या फोनचे वेगळे पैसे पडतात का, तेवढे मोबाईल कंपनीला विचारा. मात्र अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेला कोड कधीही दाबू नका. अशा फसवणुकीमुळेच एप्रिल २०२४ मध्ये कोड दाबून फोन वळवण्याची सोय दूरसंचार विभागाने थांबवायला लावली होती.

दुसरी गोष्ट विक्रेत्याच्या परवान्याची. इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलण्याचा मार्ग आपल्याकडे २०१८ साली मोकळा झाला. त्याच वर्षी बीएसएनएलने 'विंग्ज' ही सेवा आणली. विक्रेता कोणत्या परवानाधारक कंपनीची सेवा विकतो, ते नाव कागदावर घ्या. नाव सांगायला का-कू करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता इंटरनेटचे पाहू. एका संभाषणाला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण १०० किलोबिट प्रतिसेकंद एवढाच वेग लागतो. तीन फोन एकदम चालले तरी ३००. म्हणजे वेगाची अडचण क्वचितच येते. अडचण येते ती सातत्याची. तुकडे मागे-पुढे पोचले की आवाज तुटतो. पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात. म्हणून संध्याकाळी सात ते नऊ, गावातले सगळे मोबाईल चालू असतात तेव्हा, आठवडाभर फुकट चाचणी मागा. वीज गेली की राऊटरही जातो, तो इन्व्हर्टरला जोडा. आणि आजारपण, अपघात, आग अशा प्रसंगी ११२ लावण्यासाठी घरात एक साधा मोबाईल राहू द्या. तिथे या फोनवर विसंबू नका.

दरपत्रकात महिन्याचे भाडे मोठ्या अक्षरांत असते. माणशी भाडे, मिनिटाचा दर, बोलणे नोंदवण्याचे शुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी, हे सारे मिळून बेरीज स्वतः करा. वर्षाचे पैसे आगाऊ मागितले तर पहिले तीन महिने महिन्यामहिन्याने द्या.

त्या भावांनी पुन्हा इंटरनेटचाच फोन घेतला आहे, फक्त ट्रेवर आता वहिनींच्या नावच्या सिमचा क्रमांक असतो. जुने ट्रे अजून गावोगावी गोठ्यांत, ओट्यांवर पडलेले दिसतात. शिवारफेरीला गेलो की मी खिशातला मार्कर काढतो, जुना क्रमांक खोडतो आणि खाली नवा लिहितो.