अंगणातील शरद : सहा वर्षांखालील मुलांचे पहिले शिक्षण

भाद्रपद सरतो, पावसाचा जोर ओसरतो आणि पालघर जिल्ह्यात डोंगरउतारापासून खाडीकिनाऱ्यापर्यंत भाताच्या शेतांवर पिवळी छटा चढू लागते. अश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने शेतकऱ्याला सुगीचे, कोळी बांधवांना मासेमारीचे, तर बोईसर-तारापूरच्या कामगाराला दिवाळीच्या बोनसचे असतात. याच दोन महिन्यांत लहान मुलाला पाहण्याजोगे, हाताळण्याजोगे आणि विचारण्याजोगे जेवढे काही त्याच्या घराभोवती असते, तेवढे वर्षात एरवी क्वचितच असते. हे साहित्य कोणालाही विकत आणावे लागत नाही.

मात्र या काळाला एक मर्यादा आहे. दिवाळी आटोपताच जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी गाव सोडतात. आईवडिलांबरोबर मूलही जाते, त्याची अंगणवाडी सुटते आणि पुष्कळदा पावसाळा तोंडावर येईपर्यंत ते परतत नाही. त्यामुळे शरदातील हे आठवडे वाया जाऊ देणे परवडणारे नाही. या आठवड्यांत कुटुंबाला मुलासाठी काय करता येईल आणि अंगणवाडीने व ग्रामपंचायतीने त्याला कोणते साहाय्य द्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

घर हीच पहिली शाळा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी काही कुटुंबे अलीकडे शहरांतून दिसतात आणि त्या पद्धतीच्या बऱ्यावाईटाची चर्चाही होते. सहा वर्षांखालील मुलांपुरते पाहिले तर मात्र घरी शिकणे ही सर्वांचीच स्थिती आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना लागू होतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासनाने पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करावी, अशी तरतूद त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण हा राज्याच्या धोरणाचा विषय केला, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला.

तथापि अंगणवाडीत मूल दिवसातील काही तासच असते. उरलेला वेळ ते आई, आजी, थोरली बहीण यांच्या सहवासात काढते. भाषा, मोजणे, क्रम, सवयी या सर्वांची सुरुवात तेथेच होते. ज्या मातेने स्वतः शाळा पाहिलेली नाही, तीही या अर्थाने शिक्षिकाच असते. ही जाणीव तिला करून देणे हे शिक्षकांचे व कार्यकर्त्यांचे पहिले काम होय.

बोर्डी आणि कोसबाडचा धडा

या विचाराला याच जिल्ह्याच्या भूमीत आकार आला, ही अभिमानाची गोष्ट आहे. कै. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९२३ पासून भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातील बालमंदिरांचा अनुभव घेतल्यानंतर ताराबाई ग्रामीण बालकांकडे वळल्या आणि १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. कै. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्याच वर्षी त्यांच्या कार्यात सामील झाल्या.

वस्तीतील गरीब घरची मुले बालवाडीत येत नाहीत, हा तेथील पहिला अनुभव होता. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनेच मुलाच्या अंगणात जावे, असे उत्तर ताराबाईंनी शोधले. 'अंगणवाडी' या नावाचा उगम तो असा. मुलांना स्वच्छ करणे, त्यांचे केस विंचरणे येथपासून तेथे पाठ सुरू होत. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंखशिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांचाच साधने म्हणून उपयोग करण्यात आला. इंद्रियांना शिक्षण देण्याचे माँटेसरीबाईंचे तत्त्व तेच राहिले आणि साधने मात्र गावची झाली.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली समाजातील मुली धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे असल्यामुळे शाळेत येऊ शकत नसत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच कुरणात गेले व 'कुरणशाळा' भरू लागली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन या कार्याचा गौरव करण्यात आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

या इतिहासातील मुद्दा आजही उपयोगाचा आहे. मुलाच्या जगण्यातील काम व ऋतू यांना अडथळा न मानता त्यांतूनच शिक्षण घडवावे, हा तो मुद्दा होय.

शरदातील काही सोपे उपक्रम

पुढील उपक्रमांसाठी मातेने वेगळा वेळ काढण्याची आवश्यकता नाही. हातातील काम चालू असताना मुलाशी बोलावे, त्याला एखादी वस्तू हाती द्यावी आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, इतकेच अपेक्षित आहे.

भाताचे खळे : हळवे भात आधी कापणीस येते, गरवे मागाहून. कापणी, भारे बांधणे, झोडणी, पाखडणी या क्रिया मूल पाहतच असते. त्याच्यापुढे लोंबी, भात, तांदूळ, कणी आणि कोंडा असे पाच लहान ढीग मांडावेत व आधी काय, नंतर काय, हे त्याला सांगू द्यावे. यातून क्रमाची जाण येते. मुठीत किती दाणे आले, कोणते सूप जड, कोणती पेंढी लांब, असे विचारल्याने मोजमापाचा पाया घातला जातो. पेंढ्याची वेणी घालताना बोटांना जे वळण लागते, ते पुढे पेन्सिल धरताना कामी येते.

बिया आणि पाने : चिंचोके, सीताफळाच्या बिया, वाल, शेंगांची टरफले यांची आकार, रंग व स्पर्श यांप्रमाणे वाटणी करावयास सांगावी. दसऱ्याला आपट्याची पाने घरात येतात. दोन भाग जुळलेले हे पान घडी घालून दोन्ही बाजू सारख्या कशा, हे दाखविता येते. मात्र पानांसाठी झाडाच्या फांद्या ओरबाडू नयेत, हेही त्याच वेळी शिकवावे. झेंडूचे तोरण ओवताना दोन पिवळी, एक केशरी, असा क्रम मुलाकडून करून घेतल्यास तोच गणिताचा पाठ ठरतो.

भिंत आणि पीठ : शेणाने वा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काढलेली वारली चित्रे आज जगभर पोहोचली आहेत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे कै. जिव्या सोमा मशे यांना या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण आणि रेषा एवढ्यावरच हे चित्र उभे राहते. अक्षर लिहिण्यापूर्वी मुलाच्या हाताला हेच आकार वळणी पडावे लागतात. भिंतीचा खालचा हातभर भाग मुलांसाठी राखून ठेवावा व त्यांनी काढलेल्या आकृतीत काय आहे, हे त्यांनाच सांगू द्यावे.

गाणे, फेर आणि चांदणे : सुगीच्या दिवसांत तारपा वाजू लागतो. दुधी, बांबू आणि ताडाचे पान यांपासून हे वाद्य तयार होते, हे मुलाला जवळून दाखवावे. फेरात हात धरून चालताना ठेका, डावे-उजवे आणि इतरांबरोबर पाऊल टाकणे ते शिकते. भोंडल्याचा फेरही तेच काम करतो. कोजागिरीच्या चांदण्यात आपली सावली पाहणे, तिला लांब वा आखूड करून पाहणे हा बिनखर्चाचा विज्ञानपाठ आहे.

किनारा : सातपाटीसारख्या गावांतील मुलांना भरती-ओहोटी घड्याळाआधी कळते. बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील, जाळ्याची भोके आणि त्यांतून निसटणारी वा अडकणारी मासळी, वाळूवरील पावलांचे ठसे, थंडीच्या चाहुलीबरोबर किनारी येणारे कुरव पक्षी यांविषयी मुलाला बोलते करावे. घरात बोलली जाणारी बोली चुकीची म्हणून त्याला थांबवू नये. बोलीतून आलेला आत्मविश्वासच पुढे प्रमाण भाषा शिकण्यास मदत करतो.

चाळीतील अंगण

तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले आणि औद्योगिक वसाहतीमुळे बोईसर परिसराचे रूप पालटले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या अनेक कुटुंबांचा संसार येथे एका खोलीत चालतो. आईवडील पाळीवर जातात व मुलाला अंगण नसते. अशा घरी गॅलरी हेच अंगण मानावे लागेल. भाजी निवडणे, डाळी वेगळ्या करणे, डब्यांना त्यांची झाकणे लावणे, वाळलेले कपडे मोठे-लहान लावून ठेवणे या कामांत मुलाला सामील करून घेता येते. आकाशकंदिलाचे कागद कापताना व चिकटवताना आकार कळतात. दिवाळीच्या सुट्टीत चाळीतील मुले मिळून मातीचा किल्ला करतात, त्यात धाकट्यांनाही माती कालविण्याचे काम द्यावे. शेजारी छठपूजा असेल तर ती पाहावयास न्यावे. वेगवेगळ्या भाषांची मुले एकत्र खेळतात तेव्हा ती एकमेकांचे शब्द सहज उचलतात. अंगणवाडी सेविकांनी याचा लाभ घ्यावा.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने कायद्यात आली. कंत्राटी कामावरील मातांना तिचा लाभ पोहोचतो किंवा नाही, याकडे संबंधितांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.

दक्षता

निसर्गातील प्रत्येक वस्तू मुलाच्या हाती देण्याजोगी नसते. गुंजेची लालकाळी बी मोहक दिसते, पण ती अत्यंत विषारी आहे. एरंडाच्या बिया व धोतऱ्याची फळेही तशीच घातक आहेत. ती खेळात आणू नयेत. तीन वर्षांखालील मूल बी तोंडात, नाकात वा कानात घालते, म्हणून त्याच्यापाशी लहान बिया ठेवू नयेत. कापलेल्या भाताच्या भाऱ्यांखाली साप व विंचू आश्रय घेतात. तेथे मुलाला एकटे सोडू नये. विळा, फटाके आणि भरतीचे पाणी यांच्यापासून त्याला दूर ठेवावे.

गाव सोडण्यापूर्वी

वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत वरील सर्व उपक्रमांचे मोल अधिक आहे. भट्टीवर अंगणवाडी मिळो वा न मिळो, आईबरोबर बोलण्याची, मोजण्याची आणि गोष्ट सांगण्याची सवय मुलाबरोबर जाते. या दृष्टीने काही गोष्टी गावपातळीवर सहज करता येतील.

सेविकेने दिवाळीपूर्वी प्रत्येक घरी जाऊन कोणते कुटुंब कोठे जाणार आहे याची नोंद घ्यावी. माता व बाल संरक्षण कार्ड आईने बरोबर न्यावे, म्हणजे लसीकरण व वजन यांचा माग तुटणार नाही. ज्या गावी कुटुंब जाईल तेथील अंगणवाडीत मुलाचे नाव घालता येते, ही माहिती मातेला पाठ करून द्यावी, कारण पुष्कळांना ती नसते. अंगणवाडीने मुलाला एक कापडी पिशवी द्यावी. तीत चिंचोके, रंगीत कापडाचे तुकडे, दोरी, पाटी-खडू आणि त्याने स्वतः काढलेले चित्र असावे. मूल फार लहान असल्यास चिंचोके वगळावेत.

ज्या गावांच्या हद्दीत भट्ट्या आहेत, तेथील पंचायत सदस्यांनी भट्टी सुरू होताच तेथील बालकांची मोजणी करून ती पर्यवेक्षिकेस कळवावी. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पेसा अंतर्गत अबंध निधीही मिळतो. सावलीचा मांडव, पिण्याचे पाणी आणि मुलांना गोळा करणारी एखादी शिकलेली मुलगी, एवढ्याची सोय त्यातून कशी होईल, हा विषय ग्रामसभेपुढे ठेवता येईल. मूल अंगणात येत नसेल तर अंगण त्याच्यापाशी न्यावे, ही बोर्डीची रीत भट्टीलाही लागू पडते.

पहिलीच्या वर्गात आलेले मूल गप्प बसून राहते, तेव्हा ते मंद आहे असे समजण्याचा मोह होतो. पुष्कळदा त्याच्याशी आधीची सहा वर्षे कोणी पुरेसे बोललेलेच नसते. ते बोलणे खळ्यावर, चुलीपाशी, गॅलरीत आणि किनाऱ्यावर व्हावयाचे असते. यंदाची कापणी सुरू होण्यापूर्वी शिक्षक, सेविका व पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून आपल्या गावातील सहा वर्षांखालील मुलांची व दिवाळीनंतर बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची यादी केली, तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.