उसाची वाहतूक आणि रात्रीचा रस्ता

ऊस तोडून झाला म्हणजे काम संपले, असे आपण मानतो. परंतु तो कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत नेणाऱ्या चालकाचे व गाडीवानाचे काम तेथूनच सुरू होते. गाळप हंगामात ही वाहतूक रात्रीही चालते. तिला मुख्य धोका असतो तो पाठीमागून येणाऱ्या वाहनांचा.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. पुढे बिनदिव्याची ट्रॉली आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर सरते. यास्तव ट्रॉली व बैलगाडी यांच्या मागे तांबड्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात. त्यांवरील चिखल पुसावा आणि लोंबत्या उसाने त्या झाकू देऊ नयेत.

ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक निरनिराळे असतात. शेतात वळताना ते सोयीचे होते. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीने जोडलेलीच असावीत. अन्यथा एकाच बाजूचे चाक अडून ट्रॅक्टर उलटण्याचा संभव असतो.

वाटेत बिघाड झाल्यास चाकांना लावलेले दगड निघताना अवश्य उचलावेत. दुचाकीस्वाराला ते अंधारात दिसत नाहीत. वजनकाट्याच्या रांगेत रात्र जागून काढलेल्या चालकास लगेच दुसऱ्या खेपेस धाडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पाहणी फडावरच करावी. गाडी एकदा रस्त्याला लागली की ती करावयास कोणी थांबत नाही.