वजिराला हुसकावण्याचा हिशेब

पांढऱ्याने ई४ खेळायचे, काळ्याने ई५, आणि दुसऱ्याच चालीला पांढरा वजीर थेट एच५ वर. नवशिक्यांच्या स्पर्धेत हा प्रकार हमखास दिसतो. बेत उघड आहे: उंट सी४ वर आणायचा, वजिराने एफ७ चे प्यादे मारायचे आणि चार चालींत मात. त्यावर शिकवणाऱ्यांचे उत्तरही ठरलेले असते, वजीर लवकर बाहेर काढू नये. नियम खोटा नाही, पण अर्धाच आहे. वजीर कितव्या चालीला निघाला यापेक्षा त्याला हुसकावताना समोरच्याच्या पदरात काय पडते, हे मोजायला हवे.

नुसता नियम पाठ असलेला खेळाडू एच५ चा वजीर पाहताच जी६ खेळतो. मग वजीर ई५ चे प्यादे मारून शह देतो आणि त्याच चालीत एच८ च्या हत्तीवरही चालून जातो. शह वाचवावा तर हत्ती गेलाच! योग्य क्रम वेगळा आहे. आधी घोडा सी६ वर आणून ई५ ला जोर द्यायचा. पांढऱ्याचा उंट सी४ वर आला की मग जी६. वजीर एफ३ वर सरकून पुन्हा मातेची धमकी देतो, तेव्हा दुसरा घोडा एफ६ वर. आता पट पाहा. पांढऱ्याचा वजीर दोनदा हलला आणि स्वतःच्याच घोड्याच्या हक्काच्या घरात बसला. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले, शिवाय उंटाला जी७ चे घर मोकळे झाले. धमकी थोपवणारी प्रत्येक चाल काळ्याच्या कामाचीच निघाली.

याउलट स्कँडिनेव्हियन बचाव. ई४ ला काळा डी५ ने उत्तर देतो, प्यादी मारली जातात आणि दुसऱ्या चालीला काळा वजीर डी५ वर उभा राहतो. सी३ वर येणारा घोडा त्याला हाकलतो, म्हणजे काळ्याची एक चाल गेली. पण हा दंड बहुधा एकदाच भरावा लागतो. वजीर ए५ वर गेला की त्याला पुन्हा गाठणे सोपे नसते. पांढऱ्याचे ई४ चे प्यादे पटावरून गेलेले असते आणि काळ्याला सी६, उंट एफ५, ई६ अशी भक्कम मांडणी करता येते. आजच्या लांब पल्ल्याच्या वजिराने खेळलेला, नोंद असलेला सर्वात जुना मानला जाणारा डाव सुमारे १४७५ मधल्या व्हॅलेन्सियातील एका काव्यात आहे. तोही याच चालींनी सुरू होतो! त्यापूर्वीचा वजीर एकेक घर तिरका सरके, त्यामुळे त्याला आवरण्याच्या नियमाची गरजच नव्हती.

१९९५ मध्ये न्यूयॉर्कला विश्वविजेतेपदाच्या चौदाव्या डावात विश्वनाथन आनंदने कास्पारोव्हविरुद्ध हाच बचाव वापरला. आनंद हरला हे खरे, पण सुरुवातीतून त्याला चांगली स्थिती मिळाली होती. डाव निसटला तो पुढे. मग कोणी विचारेल, हिकारू नाकामुराने २००५ मध्ये शशिकिरणविरुद्ध दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर कसा नेला? तो डाव नाकामुरा हरला, मात्र बराच लांबल्यावर. एच५ ने डाव जात नाही, हे मान्य. जातो तो पहिल्या चालीचा फायदा, आणि तोही बदल्यात काही न घेता. हीच चाल स्कँडिनेव्हियनपासून वेगळी ठरते ती इथे.

अधिक अडचणीचा आक्षेप रेक्याविकचा आहे. तिथे झालेल्या १९७२ च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात, स्पास्कीविरुद्धच्या अकराव्या डावात फिशरच्या वजिराने बी२ चे प्यादे खाल्ले. स्पास्कीने चौदाव्या चालीला घोडा मागे, बी१ या मूळ घरी नेला. मोहरा बाहेर काढणारी नव्हे, उलट घरी परतणारी ही चाल. माझ्या हिशेबात तिला शून्य गुण. तरीही तिने वजिराच्या परतीच्या वाटा आवळल्या आणि फिशर हरला. म्हणजे वाया जाणाऱ्या चालींबरोबर वजिराला उरलेली घरेही मोजावी लागतात. त्याच सामन्याच्या सातव्या डावात फिशरने हेच प्यादे खाल्ले होते, तेव्हा मात्र डाव बरोबरीत सुटला.