चावी मिळाली म्हणजे ताबा मिळाला का? ओसीआधी फर्निचर करताना काय बघायचं

ज्यांना ऐकायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही टाकतोय.

आजचा प्रश्न असा. बिल्डर म्हणतो, "ओसी येईलच महिन्या-दोन महिन्यांत. तोवर चावी घ्या, फर्निचर चालू करा." घ्यायची का?

मी सध्या ह्याच जागी उभा आहे. पुण्यात फ्लॅट घेतलाय. तिकडे बँकेचा हप्ता, इकडे घरभाडं, दोन्ही चालू. त्यामुळे ऑफर गोड लागते. सुतार आत्ता लावला तर ओसी आली की लगेच राहायला जाता येईल, दोन महिन्यांचं भाडं वाचेल. हिशोब चूक नाही, पण गोम दुसरीकडे आहे.

आधी शब्द समजून घेऊ. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत राहण्यायोग्य झाली असं महापालिका किंवा तिथलं नियोजन प्राधिकरण लेखी देतं, ते हे. ते येईपर्यंत ती जागा बांधकामाची साइटच असते. गेटवरचा वॉचमन बिल्डरचा, लिफ्ट बिल्डरची, पाणी-वीज त्याच्याच हातात. तुमचा सुतार कधी आत जाणार हे साइट सुपरवायझर ठरवतो. पैसे तुमचे, हुकूम त्याचा!

ह्या मधल्या चावीला 'फिट-आउट पझेशन' म्हणतात. २०१६ च्या रेरा कायद्यात असा ताब्याचा वेगळा प्रकारच नाही. तिथे ताबा म्हणजे ताबा, आणि त्या एका शब्दावर बरंच काही टांगलेलं आहे. कलम १८ प्रमाणे, ताबा द्यायला उशीर झाला आणि तुम्ही प्रोजेक्टमध्येच राहिलात, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मिळायला हवं. कलम १४(३) प्रमाणे, ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर तुम्ही कळवल्यावर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा.

आता चावीसोबत सहीसाठी येणारं पत्र वाचा. त्यात 'फ्लॅटचा ताबा मिळाला, कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही' असं वाक्य असू शकतं. त्यावर सही केलीत की बिल्डर म्हणणार, व्याज इथे थांबलं, ५ वर्षं इथून सुरू झाली, मेंटेनन्सही इथूनच द्या. महारेरात जाऊन ह्यावर भांडता येईल, पण भांडायला कारण आपणच का द्यायचं?

दुसरी अडचण आमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळते. दोन टीम एकाच कोडमध्ये हात घालतायत आणि कुणी काय बदललं ह्याची नोंदच नाही. सिस्टिम पडली की दोघंही समोरच्याकडे बोट दाखवतात. बाथरूमचं तेच. तुमच्या प्लंबरने लाइन हलवायला टाइल फोडली आणि पावसाळ्यात खालच्या घरात ओल आली. वॉटरप्रूफिंग बिल्डरचं, हातोडा तुमचा. गळती कुणाची? वर अनेक करारांत असंही लिहिलेलं असतं, की लेखी परवानगीशिवाय नळ, पाइप, बाथरूम, किचनमध्ये बदल केला तर दोषांची जबाबदारी बिल्डरवर राहणार नाही.

म्हणून चावी घ्यायचीच असेल तर हा क्रम ठेवा:

१. पत्रात 'फक्त फर्निचरच्या कामासाठी प्रवेश, हा ताबा नाही' हे वाक्य घालून घ्या. 'तक्रार नाही' हे वाक्य काढायला लावा.

२. सुतार येण्याआधी घर तपासा. बाथरूमची जाळी बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा, खालच्या मजल्यावरून छत बघा. टाइल्सवर नाण्याने ठोका, पोकळ आवाज आला की खूण करा. सगळ्याचा व्हिडिओ काढा आणि यादी त्याच दिवशी बिल्डरला ईमेल करा. नुसत्या तोंडी बोलण्यावर राहू नका.

३. तोडफोड, नळ, वायरिंग ह्यांना हात लावायचा तर आधी लेखी परवानगी.

४. कामगाराला इजा झाली, सामान चोरीला गेलं, लिफ्टला ओरखडा पडला, तर जबाबदारी कुणाची? राडारोडा कोण उचलणार, डिपॉझिट कधी परत? हे सगळं कागदावर घ्या.

५. काम झालं तरी राहायला जाऊ नका. ओसीशिवाय राहणं बेकायदा आहे. ओसी आल्यावर रीतसर ताबा घ्यायला कलम १९(१०) दोन महिने देतं.

मी काय केलं? पत्रातली दोन वाक्यं बदलून मागितली. साइट ऑफिसमधून उत्तर आलं, "सर, सगळे सही करतात, फॉरमॅट आहे." मग मी चावी घेतली नाही. मापं तेवढी घेऊन आलो. किचनच्या ट्रॉल्या आणि कपाटं सुताराच्या वर्कशॉपमध्ये बनतायत, भिंतीला हात ओसीनंतरच. भाडं जातंय, आई रोज विचारते "कधी रे जाणार?", आणि ते टोचतं. पण दोन महिन्यांच्या भाड्यापायी ५ वर्षांचा हक्क वादात टाकायचा नाही, असं मी ठरवलंय.

तुमचा हिशोब वेगळा असेल. फक्त सही करण्याआधी ते पत्र एकदा मोठ्याने वाचा, आणि 'ताबा' हा शब्द कुठे येतो ते बघा. भेटू पुढच्या भागात!