परदेशी शिष्यवृत्त्या, स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी

परदेशातील विद्यापीठांत उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना शासन, विद्यापीठे, विश्वस्त निधी अथवा खाजगी दाते यांच्याकडून मिळणारे आर्थिक साहाय्य. त्यात सामान्यतः अध्यापन शुल्क, निर्वाह व प्रवास यांच्या खर्चाचा अंतर्भाव होतो. काही योजनांत ही रक्कम अनुदान म्हणून, तर काहींत परतफेडीच्या कर्जाच्या रूपाने दिली जाते. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या बाबतीत रकमेइतकेच महत्त्व तिला जोडलेल्या अटींना आले, असे या साहाय्याच्या इतिहासावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात भारतात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाची सोय अपुरी होती. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. परंतु साहाय्याबरोबर धर्मांतराची अपेक्षा व्यक्त झाली व ती या दांपत्याने अमान्य केली. हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो वाचून न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना साहाय्य देऊ केले. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये एम्. डी. झाल्या. डॉ. रखमाबाई (१८६४–१९५५) याही हितचिंतकांनी उभारलेल्या निधीच्या आधारे १८८९ मध्ये लंडनला वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेल्या.

शासकीय शिष्यवृत्तीच्या नियमांतील अन्याय कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांच्या प्रकरणात स्पष्ट झाला. नाशिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेल्या सोराबजी पदवी परीक्षेतील यशामुळे इंग्लंडमधील शिक्षणाच्या शिष्यवृत्तीस पात्र ठरत होत्या. तथापि केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना ती नाकारण्यात आली. तेव्हा लेडी मेरी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल प्रभृतींनी पर्यायी निधी उभारला व १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी बी.सी.एल्. ही कायद्याची परीक्षा दिली. मात्र ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसल्याने प्रत्यक्ष पदवी त्यांना १९२२ मध्ये मिळाली. शिष्यवृत्ती नाकारणारे शासन व पदवी रोखून धरणारे विद्यापीठ, अशा दोन्ही अडथळ्यांना त्यांना तोंड द्यावे लागले.

पुढे विश्वस्त निधी व संस्थानिक यांच्याकडून साहाय्य मिळू लागले. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीतून उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या दिल्या जात. त्याच्या आरंभीच्या लाभार्थींत फ्रेनी कामा व कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या निजामाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी नायडू १८९५ मध्ये इंग्लंडला गेल्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९१७ मध्ये आशियाई स्त्रियांसाठी बार्बर शिष्यवृत्त्या सुरू केल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना त्यांचा लाभ झाला. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (१९११–९८) यांनी मुंबई विद्यापीठाच्या सर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीच्या साहाय्याने केंब्रिज येथे संशोधन करून १९३९ मध्ये पीएच्.डी. पदवी मिळविली.

स्वातंत्र्योत्तर काळात आंतरराष्ट्रीय करारांवर आधारित योजना पुढे आल्या. भारत व अमेरिका यांच्यातील १९५० च्या करारान्वये फुलब्राइट शिष्यवृत्त्या, तर १९५९ च्या निर्णयानुसार राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. या दोन्ही योजना स्त्री-पुरुषांना समान रीतीने खुल्या आहेत. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजनेत मात्र ३० टक्के शिष्यवृत्त्या स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

धर्मांतराची अपेक्षा व लिंगभेदाचा उघड नियम या जुन्या अडचणी आता उरलेल्या नाहीत. तरीही संधी सर्वांना सारखीच पोहोचते असे नाही. परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाल्याने पोखर्णीसारख्या गावातील मुलीला कृषिविषयक उच्च शिक्षण जिल्ह्यातच घेता येते. परदेशी जाण्यासाठी मात्र योजनेची वेळेवर माहिती, इंग्रजी भाषेची परीक्षा, अर्जाचा खर्च आणि घरच्यांची संमती या साऱ्यांची तजवीज शिष्यवृत्ती मंजूर होण्यापूर्वीच करावी लागते. विवाह व अपत्यसंगोपन यांमुळे शिक्षणात खंड पडलेल्या स्त्रीला वयोमर्यादाही अडसर ठरते. म्हणून अशा योजनेचे मूल्यमापन करताना ती किती रक्कम देते, याबरोबरच अर्ज करण्याच्या टप्प्यापर्यंत कोणती स्त्री पोहोचू शकते, हेही पाहणे आवश्यक ठरते.